रिक्त वर्ग व निगामी अनुमान

दिलेली विधाने सत्य मानली असता जे विधान असत्य असणे शक्यच नाही, ते विधान त्यांपासून युक्त रीतीने निष्पन्न होते असे म्हणतात. ज्या विधानांपासून आरंभ होतो ती आधारविधाने व जे निष्पन्न होते तो निष्कर्ष. अशा अनुमानास निगामी अनुमान ही संज्ञा आहे. आधारविधाने प्रत्यक्षात सत्य आहेत की नाहीत, हा प्रश्न येथे उपस्थित होत नाही; ती सत्य मानल्यावर निष्कर्ष नाकारता येतो की नाही, एवढेच पाहावयाचे असते. हे मान्य केले, की सर्व काही सोपे आहे असे वाटू लागते. तथापि ‘सर्व क हे ख आहेत’ एवढेच विधान दिले असता ‘काही क हे ख आहेत’ असा निष्कर्ष काढता येतो काय, या अत्यंत साध्या प्रश्नाचे उत्तर ग्रीस, भारत व आधुनिक यूरोप येथील तर्कशास्त्रज्ञांनी एकसारखे दिलेले नाही. ज्या वर्गात एकही घटक नाही अशा वर्गाला रिक्त वर्ग म्हणतात. क हा वर्ग रिक्त असला तर काय, या शंकेमुळे दोन हजार वर्षे निर्दोष मानलेली काही अनुमाने एकोणिसाव्या शतकात सदोष ठरली.

अडचण व्यवहारातील दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. ‘या शेतात शिरणारी सर्व गुरे कोंडवाड्यात घातली जातील’ अशी पाटी एखाद्याने लावली व वर्षभरात एकही गुरू शेतात शिरले नाही, तर पाटीवरचे विधान खोटे ठरले असे कोणी म्हणत नाही. किंबहुना शेतात शिरणाऱ्या गुरांचा वर्ग रिक्त राहावा यासाठीच ती पाटी असते. याउलट ‘या पेटीतील सर्व दागिने सोन्याचे आहेत’ असे सांगून एखाद्याने कुलूपबंद पेटी गहाण ठेवली व उघडल्यावर ती रिकामी निघाली, तर आपण फसविले गेलो असे सावकारास वाटल्यावाचून राहणार नाही. दोन्ही विधानांचा आकार एकच, पण पहिल्यात उद्देश्याच्या अस्तित्वाची हमी नाही आणि दुसऱ्यात ती गृहीत आहे. आकारावरूनच युक्तता ठरवावयाची असेल, तर या दोहोंपैकी एक वाचन पत्करणे शास्त्राला भाग पडते.

निगामी अनुमानाचा पहिला पद्धतशीर विचार ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याच्या ‘प्रायर ॲनॅलिटिक्स’ या ग्रंथात आढळतो. दोन विधानांत एक पद समान असता त्यांच्यापासून तिसरे विधान अनिवार्यपणे कधी निष्पन्न होते, हा त्याचा प्रश्न. अशा युक्तिवादाला संवाक्य म्हणतात. पदांच्या जागी केवळ अक्षरे घालून ॲरिस्टॉटलने अनुमानाचा आकार त्याच्या आशयापासून वेगळा काढला, आणि हे एकच पाऊल त्याला या शास्त्राचा जनक ठरविण्यास पुरेसे आहे. निष्कर्ष निघतो हे दाखविण्याइतकेच तो निघत नाही हे दाखविणेही महत्त्वाचे असते. त्यासाठी ॲरिस्टॉटलने योजिलेली रीत आजही तितकीच उपयुक्त आहे. समजा, ‘सर्व ख हे क आहेत’ आणि ‘एकही ग हा ख नाही’ ही विधाने दिली आहेत. त्यांवरून ग व क यांच्यातील संबंधाविषयी काही सांगता येते काय? ॲरिस्टॉटल प्राणी, मनुष्य व घोडा ही तीन पदे घेतो : सर्व मनुष्य प्राणी आहेत, एकही घोडा मनुष्य नाही, आणि सर्व घोडे प्राणी आहेत. नंतर तो घोड्याच्या जागी दगड ठेवतो : सर्व मनुष्य प्राणी आहेत, एकही दगड मनुष्य नाही, आणि एकही दगड प्राणी नाही. आधारविधाने दोन्ही वेळा सत्य. पण एकदा सर्व ग हे क निघाले व एकदा एकही ग हा क निघाला नाही. तेव्हा या आकारातून ग हे उद्देश्य व क हे विधेय असलेला असा कोणताच निष्कर्ष निघत नाही, हे दोन ओळींत सिद्ध होते.

मात्र या ग्रंथात उदाहरणादाखल येणारी पदे माणूस, घोडा, हंस, बर्फ अशी असतात. ज्यांत काहीच नाही अशा वर्गांची त्याला गरज भासलेली दिसत नाही. ‘सर्व क हे ख आहेत’ यावरून ‘काही ख हे क आहेत’ असे परिवर्तन तो निःशंकपणे करतो. तिसऱ्या आकृतीतील त्याचा पहिला प्रकार असा : सर्व म हे व आहेत, सर्व म हे उ आहेत, म्हणून काही उ हे व आहेत. म या वर्गात एक तरी घटक असेल तर हे निर्विवाद आहे, कारण तोच घटक उ व व या दोहोंत सापडेल. म रिक्त असेल तर मात्र दोन्ही वर्गांना जोडणारा दुवा उरत नाही.

अस्तित्वात नसलेल्या गोष्टींचा विचार ॲरिस्टॉटलला सुचलाच नव्हता, असे मात्र नव्हे. ‘कॅटेगरीज’ या ग्रंथात त्याने म्हटले आहे, की सॉक्रेटीस मुळात नसेल तर ‘सॉक्रेटीस आजारी आहे’ हे असत्य व ‘सॉक्रेटीस आजारी नाही’ हे सत्य होय. हेच सूत्र मध्ययुगीन तर्कशास्त्रज्ञांनी विस्तारले. चौदाव्या शतकातील फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ झां ब्यूरिदां याच्या मते उद्देश्य रिक्त असता प्रत्येक होकारार्थी विधान असत्य असते, आणि प्रत्येक नकारार्थी विधान सत्य असते. या वाचनाने जुने नियम बव्हंशी सांभाळले जातात. पण त्याची किंमतही द्यावी लागते. ‘एकही क हा ख नाही’ यावरून ‘सर्व क हे अ-ख आहेत’ असे म्हणण्याची सोय राहत नाही, कारण पहिले नकारार्थी व दुसरे होकारार्थी आहे. ही किंमत ब्यूरिदांने जाणली होती. त्याच्या नंतरच्या क्रमिक पुस्तकांनी ती विसरून दोन्ही बाजूंचे नियम एकत्र शिकविले. पुढील घोटाळ्याचे मूळ ॲरिस्टॉटलपेक्षा या पुस्तकांत अधिक आहे, असे म्हणणे न्याय्य होईल.

तेराव्या शतकापासून संवाक्यांचे युक्त प्रकार पाठ करण्यासाठी लॅटिनमध्ये सांकेतिक नावे रूढ झाली. ‘सर्व आहेत’, ‘एकही नाही’, ‘काही आहेत’ व ‘काही नाहीत’ या चार विधानप्रकारांना अनुक्रमे आ, ए, इ, ओ हे स्वर देऊन बार्बारा, सेलारेंत, दारी, फेरिओ अशी नावे बनविली. बार्बारा या नावात तिन्ही स्वर आ आहेत, म्हणजे दोन्ही आधारविधाने व निष्कर्ष ‘सर्व आहेत’ या प्रकारचे. वर सांगितलेल्या तिसऱ्या आकृतीतील प्रकाराचे नाव दाराप्ती. नावांतील काही व्यंजनेही अर्थपूर्ण आहेत. त्यांपैकी ‘प’ हे व्यंजन असे सुचविते, की हा प्रकार पहिल्या आकृतीत आणताना ‘सर्व’पासून ‘काही’कडे जाणारे परिवर्तन करावे लागते. चार आकृत्या व प्रत्येकीत चौसष्ट याप्रमाणे एकूण २५६ प्रकार संभवतात. त्यांपैकी परंपरेने युक्त मानलेले २४. त्यांतून ‘सर्व’ म्हणता येत असता ‘काही’ म्हणून थांबणारे पाच दुर्बल प्रकार वगळले, की १९ उरतात. या एकोणीस नावांत ‘प’ असलेली नावे चारच आहेत : दाराप्ती, फेलाप्तोन, ब्रामांतीप व फेसापो. पुढे एकोणिसाव्या शतकात जे चार प्रकार सदोष ठरले ते नेमके हेच. म्हणजे दुखणे कोठे आहे ते विद्यार्थ्यांच्या पाठांतरात सहा शतके नोंदलेले होते. त्या अक्षराकडे शंकेने पाहण्याची गरज मात्र कोणास वाटली नाही.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. येथे अनुमानाचा विचार प्रमाणविचाराचा, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनांच्या विचाराचा, भाग म्हणून वाढला. त्यामुळे केवळ आकार युक्त असणे भारतीय तार्किकांना कधीच पुरेसे वाटले नाही. त्यातून खरे ज्ञान झाले पाहिजे, अशी त्यांची अट होती. गौतमाच्या ‘न्यायसूत्रां’त परार्थ अनुमानाचे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन असे पाच अवयव दिले आहेत. पर्वतावर अग्नी आहे (प्रतिज्ञा). कारण तेथे धूर आहे (हेतू). जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात (उदाहरण). तसाच धूर या पर्वतावर आहे (उपनय). म्हणून पर्वतावर अग्नी आहे (निगमन). यातील स्वयंपाकघर पाश्चात्त्य अभ्यासकांना बराच काळ अनावश्यक वाटत होते. सार्विक विधान आल्यावर उदाहरण कशाला, हा त्यांचा आक्षेप. पण उदाहरणाचे एक कार्य सहज नजरेतून सुटते. ते दिल्यामुळे धूर व अग्नी एकत्र असलेले निदान एक स्थळ आहे याची खात्री होते, आणि सार्विक विधान पोकळ राहत नाही.

बौद्ध तार्किक दिङ्‌नाग (सु. ४८०–५४०) याने हीच अट काटेकोर केली. जे सिद्ध करावयाचे ते साध्य, ज्याच्या ठिकाणी सिद्ध करावयाचे तो पक्ष, जेथे साध्य निश्चितपणे आहे ती स्थळे सपक्ष आणि जेथे ते निश्चितपणे नाही ती विपक्ष. सद्धेतू पक्षात असला पाहिजे, सपक्षात असला पाहिजे व विपक्षात नसला पाहिजे, असे त्रैरूप्य त्याने सांगितले. ‘हेतुचक्र’ या छोट्या ग्रंथात त्याने सर्व शक्यता मांडल्या आहेत. हेतू सपक्षात सर्वत्र, कोठेच नाही किंवा काही ठिकाणी असू शकतो, विपक्षातही तसेच, मिळून नऊ घरे होतात. त्यांपैकी दोनच घरांतील हेतू निर्दोष ठरतात : विपक्षात मुळीच नसलेले, आणि सपक्षात सर्वत्र किंवा काही ठिकाणी असलेले. या चक्राचे मधले, पाचवे घर प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. तेथे हेतू सपक्षातही नाही व विपक्षातही नाही. दिङ्‌नागाचे उदाहरण : शब्द नित्य आहे, कारण तो कानांनी ऐकू येतो. ऐकू येण्याचा धर्म शब्दाखेरीज कशातच नाही. आकाशासारख्या नित्य मानलेल्या वस्तूंत नाही व घटासारख्या अनित्य वस्तूंतही नाही. पक्ष बाजूला ठेवला, की ऐकू येणाऱ्या वस्तूंचा वर्ग रिक्त होतो. त्या रिक्त वर्गाविषयी ‘सर्व नित्य आहेत’ असेही म्हणता येईल व ‘सर्व अनित्य आहेत’ असेही. ज्या हेतूवरून दोन्ही सारख्याच सहजतेने सिद्ध होतात त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून दिङ्‌नागाने त्याला असाधारण म्हणून अनिश्चायक हेतूंत घातले. इतक्या लहान चौकटीत रिक्त वर्गाची अडचण इतक्या नेमकेपणाने पकडल्याचे दुसरे प्राचीन उदाहरण सांगणे कठीण आहे.

ही अट सर्वांनाच रुचली नाही. साध्यावाचून हेतू संभवतच नाही एवढे ठरले की पुरे, बाहेर उदाहरण सापडो वा न सापडो, असे जैन तार्किकांनी प्रतिपादिले. धर्मकीर्तीने (सु. सातवे शतक) हेतू व साध्य यांचा संबंध केवळ आढळावर न ठेवता तादात्म्य व कार्यकारणभाव यांवर उभा केला, तेव्हा बौद्ध परंपरेतही बाह्य उदाहरणाचे महत्त्व ओसरू लागले. अकराव्या शतकात रत्नाकरशांतीने व्याप्ती पक्षातच ग्रहण करता येते, या अंतर्व्याप्तीच्या मताचे समर्थन करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यामागे एक तातडीची गरज होती. ‘जे जे सत् ते ते क्षणिक’ हे बौद्धांना सिद्ध करावयाचे होते; आणि सर्वच सद्‌वस्तू पक्षात आल्यावर सपक्ष म्हणून दाखविण्यास काहीच उरत नाही. विपक्षाची अडचण याहून बिकट होती. जे क्षणिक नाही ते सत् नाही, हे दाखविण्यासाठी अक्षणिक वस्तू कोठून आणावयाची? बौद्ध मते ती नाहीच. सशाच्या शिंगासारखी केवळ कल्पनेत असलेली वस्तू येथे चालते, असे ज्ञानश्रीमित्रादी बौद्ध म्हणू लागले. उदयनाचार्याने (दहावे–अकरावे शतक) ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात त्यांना कडाडून विरोध केला. जेथे प्रमाणच प्रवृत्त होत नाही तेथे विधीही नाही व निषेधही नाही, अशी न्यायमताची भूमिका आहे. ‘सशाचे शिंग नाही’ या वाक्याचा अर्थही नैयायिक ‘सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव आहे’ असा लावतात. ससा खरा, शिंगही गाईच्या डोक्यावर खरे, आणि नाकारला जातो तो केवळ त्यांचा संबंध. बर्ट्रंड रसेलने १९०५ मध्ये वर्णनपर शब्दप्रयोगांची जी उपपत्ती मांडली तिच्याशी या विश्लेषणाचे नाते जाणकारांना चटकन जाणवेल.

मिथिलेच्या गंगेशोपाध्यायाच्या ‘तत्त्वचिंतामणी’ या चौदाव्या शतकातील ग्रंथात हा विचार परमावधीस पोहोचला. न्यायवैशेषिक मताप्रमाणे प्रत्येक पदार्थ ज्ञेय आहे व प्रत्येक पदार्थाला नाव देता येते. तेव्हा ‘घट अभिधेय आहे, कारण तो प्रमेय आहे’ या अनुमानात साध्याचा अभाव कोठेच नाही. विपक्ष रिक्त आहे. अशा हेतूला केवलान्वयी म्हणतात. याउलट ‘पृथ्वी इतर द्रव्यांहून भिन्न आहे, कारण तिला गंध आहे’ या अनुमानात सपक्ष रिक्त आहे, कारण जे काही असे भिन्न आहे ते सर्व पक्षातच आले. हा केवलव्यतिरेकी हेतू होय. गंगेशाने व्याप्तीची पूर्वसूरींची पाच लक्षणे प्रथम मांडली. पहिल्याचा आशय असा, की साध्याचा अभाव जेथे असेल तेथे हेतू नसणे म्हणजे व्याप्ती. आधुनिक गणिती तर्कशास्त्राचा अभ्यासक या लक्षणावर संतुष्ट होईल; साध्याचा अभाव कोठेच नसेल तर लक्षण आपोआप लागू पडते, असे तो म्हणेल. गंगेश तसे म्हणत नाही. साध्याभाव जेथे आहे असे स्थळच नसेल, तर ‘तेथे हेतू नाही’ या शब्दांना टेकू उरत नाही. म्हणून केवलान्वयी हेतूंना लागू न पडल्याने ही पाचही लक्षणे त्याने एकाच फटक्यासरशी टाकून दिली. त्याच्या सिद्धांतलक्षणात हेतू व साध्य यांचे सामानाधिकरण्य, म्हणजे ती दोन्ही एका ठिकाणी प्रत्यक्ष नांदणे, हा घटक समाविष्ट आहे. न्यायसूत्रांतील स्वयंपाकघर अशा प्रकारे व्याप्तीच्या व्याख्येतच येऊन बसले. सोळाव्या शतकात नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने या लक्षणांवर अधिक सूक्ष्म चर्चा केली व नव्यन्यायाची पारिभाषिक भाषा पुढे काशीपासून दक्षिणेपर्यंतच्या पाठशाळांत पसरली.

या परंपरेचे प्रवेशद्वार म्हणजे अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ (सतरावे शतक). महाराष्ट्रातील जुन्या पाठशाळांत तो शिकविला जाई. त्याची यशवंत वासुदेव आठल्ये यांनी सिद्ध केलेली व महादेव राजाराम बोडस यांची विस्तृत प्रस्तावना असलेली आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत प्रसिद्ध झाली. भीमाचार्य झळकीकर यांचा ‘न्यायकोश’ (वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी संशोधिलेली आवृत्ती, पुणे, १९२८) या परिभाषेसाठी आजही चाळावा लागतो. तर्कसंग्रहात हेत्वाभासांमध्ये आश्रयासिद्ध नावाचा एक आभास आहे. त्याचे उदाहरण असे, की आकाशातील कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, सरोवरातील कमळाप्रमाणे. येथे व्याप्ती बिघडलेली नाही, उदाहरणही ठीक आहे. आकाशात कमळ नसते एवढाच दोष, पण नैयायिकांच्या दृष्टीने तेवढ्याने अनुमान कोसळते. आधुनिक आकारिक तर्कशास्त्र मात्र ‘सर्व कमळे सुगंधी आहेत, आकाशातील सर्व कमळे ही कमळे आहेत, म्हणून आकाशातील सर्व कमळे सुगंधी आहेत’ हे अनुमान निर्दोष मानते. दोन परंपरांतील अंतर मोजण्यास याहून सोयीचे माप नाही.

यूरोपात याच सुमारास पठणाची घडी मोडण्यास आरंभ झाला. गोट्‌फ्रीट लायप्निट्स (१६४६–१७१६) याने संवाक्यांना गणिताचे रूप देण्याचे अनेक प्रयत्न केले, पण ते तडीस गेले नाहीत. दाराप्तीसारखे काही प्रकार हिशेबात बसेनात, तेव्हा चूक आपलीच असणार असे त्याने मानले; ॲरिस्टॉटलविषयीचा आदर आड आला, असे रसेलने आपल्या ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास’ (१९४५) या ग्रंथात म्हटले आहे. हे निदान थोडे नाट्यपूर्ण असले तरी अगदीच निराधार नाही. लेओनार्ट ऑयलरने एका जर्मन राजकन्येस लिहिलेल्या पत्रांत (१७६८ पासून प्रकाशित) वर्तुळे काढून संवाक्ये समजावून दिली. परंतु काढलेल्या वर्तुळाच्या आत नेहमी काही जागा असतेच. रिक्त वर्ग दाखविण्याची सोय या चित्रांत सहजासहजी होत नाही. ॲरिस्टॉटलपासून तर्कशास्त्र एक पाऊलही पुढे सरकलेले नाही, असे इमॅन्युएल कांट १७८७ मध्ये लिहू शकला, ते या पार्श्वभूमीवर.

पुढच्या शंभर वर्षांत चित्र पालटले. १८४७ हे वर्ष या दृष्टीने संस्मरणीय आहे. त्या वर्षी जॉर्ज बूल याचा तर्कशास्त्राच्या गणिती विश्लेषणावरील ग्रंथ व मदुराई येथे जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गन याचा ‘फॉर्मल लॉजिक’ हे दोन्ही प्रसिद्ध झाले. १८५४ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात बूलने १ हे चिन्ह विश्वासाठी व ० हे चिन्ह ज्यात काहीच नाही त्या वर्गासाठी वापरले. रिक्त वर्ग हाही इतरांसारखाच एक वर्ग, त्यालाही बेरीज-गुणाकारात घ्यावयाचे, हे ठरताच ‘सर्व क हे ख आहेत’ याचा अर्थ ‘क असून ख नसलेल्यांचा वर्ग रिक्त आहे’ असा सरळ लावता येतो. तेथे क आहेत असे कोठेही म्हटलेले नाही. ‘काही क हे ख आहेत’ म्हणजे मात्र ‘क व ख या दोहोंत असलेल्यांचा वर्ग रिक्त नाही’. पहिल्यावरून दुसरे निघण्याचा मार्ग अर्थातच बंद होतो. स्वतः बूलची मांडणी या बाबतीत पुरेशी स्वच्छ नव्हती. ही फोड जॉन व्हेन, चार्ल्स पर्स इत्यादींच्या हातून स्थिरावली. व्हेनने १८८० मध्ये मांडलेल्या आकृत्यांत वर्तुळे आधीच एकमेकांना छेदून काढतात व जो भाग रिक्त आहे तो रेघांनी भरतात. न भरलेल्या भागाविषयी काहीच सांगितलेले नसते. गोटलोप फ्रेगेच्या १८७९ च्या संकेतलिपीतही ‘सर्व’चे विधान औपाधिक रूपात, ‘एखादी वस्तू क असेल तर ती ख आहे’ असे येते. या वाचनानुसार १९ पैकी ‘प’वाले चार व वगळलेले पाच दुर्बल असे नऊ प्रकार गळून २४ पैकी १५ उरतात.

जुन्या नियमांनी घोटाळा कसा होई, याचा उत्तम नमुना व्युत्क्रमण या नावाने शिकविल्या जाणाऱ्या अनुमानात मिळतो. ‘सर्व घट ज्ञेय आहेत’ यावरून ‘एकही घट अज्ञेय नाही’; त्यावरून ‘एकही अज्ञेय वस्तू घट नाही’; त्यावरून ‘सर्व अज्ञेय वस्तू घटेतर आहेत’; आणि शेवटी ‘काही घटेतर वस्तू अज्ञेय आहेत’. प्रत्येक पायरी क्रमिक पुस्तकाच्या नियमाप्रमाणे आहे. तरीही घटांविषयीच्या निरुपद्रवी विधानातून जगात काही अज्ञेय आहे, असा प्रचंड तात्त्विक निष्कर्ष हाती आला! चोर शेवटच्या पायरीवर आहे : अज्ञेय वस्तूंचा वर्ग रिक्त असू शकतो हे विसरून ‘सर्व’वरून ‘काही’कडे उडी घेतली गेली. हे उदाहरण गंगेशाच्या केवलान्वयी अनुमानांच्या शब्दांत मुद्दाम घेतले आहे. सर्वव्यापी साध्याचा अभाव कोठेच सापडत नाही, हे त्याने पारखले होते. नकाराची पदे मोकळेपणाने वापरणाऱ्या क्रमिक पुस्तकांनी ते पारखले नाही.

बूलच्या बाजूने निकाल लागल्यावरही वाद संपला नाही. ‘ॲलिस’चा कर्ता लुइस कॅरल हा व्यवसायाने गणिताचा अध्यापक, त्याने आपल्या ‘सिंबॉलिक लॉजिक’ (१८९६) या पुस्तकात ‘सर्व क हे ख आहेत’ या विधानात क असल्याचे प्रतिपादन अंतर्भूत मानले. दाव्हीट हिल्बर्ट व व्हिल्हेल्म आकरमान यांनी १९२८ मध्ये आधुनिक वाचनाच्या आधारे जुन्या प्रकारांतील काहींवर सदोषतेचा शिक्का मारला. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वूकासिएविच याने १९५१ मध्ये उलट दाखवून दिले, की पदे रिक्त नाहीत असे एकदा धरले म्हणजे ॲरिस्टॉटलची सबंध उपपत्ती थोड्या स्वयंसिद्धांवर निर्दोषपणे रचता येते. म्हणजे ॲरिस्टॉटल चुकला असे म्हणण्याऐवजी त्याच्या उपपत्तीचे क्षेत्र मर्यादित होते असे म्हणणे योग्य. पी. एफ. स्ट्रॉसन याने १९५२ मध्ये तिसरा पर्याय सुचविला : उद्देश्य रिक्त असेल तर ‘सर्व’चे विधान सत्यही नसते व असत्यही नसते, ते सत्य किंवा असत्य ठरण्यासाठी उद्देश्याचे अस्तित्व हे पूर्वगृहीत असावे लागते. पेटी उघडून पाहणाऱ्या सावकाराचा अनुभव या पर्यायाने बराचसा उलगडतो. उदयनाच्या भूमिकेशीही त्याचे साम्य आहे, मात्र उदयनाला हवे होते ते प्रमाण व स्ट्रॉसनला हवा होता भाषेचा व्यवहार, हा भेद विसरता येणार नाही.

गणित व संगणक यांनी मात्र बूलचाच मार्ग पत्करला आहे. रिक्त यादीतील ‘सर्व’ घटक एखादी अट पुरी करतात काय, असे विचारल्यास संगणकाच्या प्रचलित आज्ञाभाषा ‘होय’ असे उत्तर देतात, आणि गणितातील असंख्य सिद्धता या सोयीवर अवलंबून आहेत. शिक्षणात मात्र दोन्ही वाचने शेजारी शेजारी नांदताना दिसतात. बँका व तत्सम सेवांच्या स्पर्धापरीक्षांत दोन-तीन विधाने देऊन त्यांखालच्या निष्कर्षांपैकी कोणते निघतात, असे विचारण्याची प्रथा आहे. दिलेली विधाने वस्तुस्थितीशी विसंगत वाटली तरी ती सत्य मानावीत, अशी सूचना तेथे असते. परंतु वर्ग रिक्त असू शकतात की नाहीत, याविषयी सहसा काहीच सांगितलेले नसते. मार्गदर्शक पुस्तके सामान्यतः ‘सर्व क हे ख आहेत’ यावरून ‘काही क हे ख आहेत’ व ‘काही ख हे क आहेत’ हे दोन्ही निष्कर्ष बरोबर धरतात. व्हेनच्या आकृत्या काटेकोरपणे शिकून आलेला विद्यार्थी हे दोन्ही नाकारील, आणि त्याचे गुण जातील. त्याने ज्या आकृतीचा आधार घेतला तीच बहुधा त्या पुस्तकातही छापलेली असते. फरक एवढाच, की तेथे व्हेनचे नाव देऊन ऑयलरची वर्तुळे काढलेली असतात.